उष्माघात

शरीरातील उष्णतेचा निचरा थांबल्याने आतील तापमान सुमारे ४०° सेल्सिअसच्या वर जाणे आणि त्याबरोबर मेंदूचे काम बिघडणे, ही जीवघेणी अवस्था. पायात गोळे, घेरी, मळमळ, डोकेदुखी या तिच्या पूर्वीच्या तक्रारी. मात्र त्या आधी येतीलच असे नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांत उन्हाळा एकसारखा नसतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेतला टापू. तिथल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. कराड, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात उलट अडचण असते : उभ्या उसात वारा शिरत नाही, पाण्याखालच्या रानात दमटपणा राहतो आणि घाम नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. एक लिटर घामाची वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हवामान खाते मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवताना ४०° चा उंबरठा धरते. पण त्याखालीही माणसे दगावतात. नवी मुंबईतल्या खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तो पारा चाळिशीच्या आत असताना.

त्वचेचे तापमान साधारण ३५° असते. हवा त्याहून तापली की घामाखेरीज दुसरी वाट उरत नाही. हृदय रक्त त्वचेकडे वळवते, त्यामुळे आतडी व मूत्रपिंडांचा वाटा घटतो. आतड्याचे अस्तर सैल होऊन जिवाणूंची विषे रक्तात उतरतात. कष्टाने फुटलेल्या स्नायूंतील प्रथिने मूत्रपिंडात अडकतात. रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात. घाम थांबलेला असतो हा समज अर्धाच खरा. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो. वृद्धांना मात्र पत्र्याच्या घरात, काहीही काम न करता उष्माघात होतो.

ऊसतोडीचा हंगाम लांबला की तो मार्च-एप्रिलच्या उन्हात शिरतो. बीडकडून आलेली जोडपी कोयत्यावर राबतात, मोळ्या वाहतात आणि कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. मजुरी टनावर असल्याने सावलीत घेतलेला विसावा थेट पदरातून जातो. ‘दुपारी काम टाळा’ हा सरकारी सल्ला त्यांच्यापुरता पोकळ आहे. एल साल्वादोर व निकाराग्वा येथील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा रक्तदाब नसताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार आढळला असून उन्हातले कष्ट व वारंवार होणारा जलक्षय हे त्याचे प्रमुख संशयित कारण मानले जाते.

उपचारात आधी अंग थंड करायचे, मग रुग्णालय गाठायचे. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालावा. हौदात वा टाकीत मानेपर्यंत बुडवता आले तर उत्तम, डोके मात्र धरून ठेवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ चालते. खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून कामावर नव्याने आलेल्याला पहिले काही दिवस धोका सर्वाधिक असतो.