जबलपूरची छायाचित्रण सहल : राइट टाउनपासून भेडाघाटापर्यंत

मध्य प्रदेशातील जबलपूर आणि परिसरात छायाचित्रणासाठी जाणाऱ्यांना कार्यक्रम आखताना दोन बाबींचा विचार सर्वप्रथम करावा लागतो : नर्मदेचे पाणी आणि परवानगी. भेडाघाट येथील नौकाविहार पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढल्यावर बंद ठेवला जातो. त्याच काळात धुवांधार धबधब्याचा कडाही पुराच्या पाण्यात जवळजवळ लुप्त होतो. त्यामुळे संगमरवरी कड्यांची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्यांनी दसऱ्यानंतरचा काळ निवडणे श्रेयस्कर.

मुक्कामासाठी शहराच्या मध्यवर्ती भागातील राइट टाउन सोयीचे आहे. मदन महल रेल्वे स्थानक तेथून जवळ आहे. मुंबई–हावडा मार्गावरील गाड्यांनी, तसेच विदर्भातून गोंदियामार्गे जबलपूर गाठता येते. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग याच शहरात एकत्र आला. मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक संदर्भ महत्त्वाचा : १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदा खोरे नागपूरकर भोसल्यांकडे सोपविले आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी ताबा घेईपर्यंत जबलपूर भोसल्यांच्याच अमलाखाली होते.

पहिली सकाळ मदन महल टेकडीसाठी राखून ठेवावी. गोंड राजवटीतील ही छोटी गढी एका प्रचंड ग्रॅनाइट शिळेवर उभी आहे. पायथ्याच्या परिसरातील 'बॅलन्सिंग रॉक' ही शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी अल्प आधाराने टेकलेली असून २२ मे १९९७ रोजीच्या भूकंपातही ती ढळली नाही. शेजारी माणूस उभा करून छायाचित्र घेतल्यास तिच्या आकाराची कल्पना येते. एरवी ती चित्रात साधा दगड वाटते. शहरातील जुन्या बाजारपेठेत १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण देणारे कमानिया गेट आहे. तेथे भल्या पहाटे जावे, कारण दुकाने उघडल्यानंतर कमानीपेक्षा वाहनेच अधिक दिसतात.

मात्र जबलपूर हे संरक्षण उत्पादनाचे मोठे केंद्र आहे, याचा विसर पडू देता कामा नये. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया येथील आयुध निर्माणी, वाहन निर्माणी आणि विस्तीर्ण छावणी क्षेत्र शहरालगतच आहे. प्रतिबंधित ठिकाणांचे चित्रण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये गंभीर अपराध ठरू शकते. फलक दिसताच कॅमेरा पिशवीत ठेवणे हेच शहाणपणाचे. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना भारतातील डायनासोरचे पहिले जीवाश्म मिळाले ती बडा शिमला टेकडीही छावणी परिसरालगत आहे. तेथे जाण्यापूर्वी चौकशी करावी. ड्रोन नेणाऱ्यांनी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आणि उड्डाणक्षेत्राचा नकाशा आधीच तपासावा. विमानतळ व लष्करी क्षेत्रांमुळे येथे मुक्त वाव फारसा नाही.

भेडाघाट शहरापासून सुमारे २० ते २५ किलोमीटरवर आहे. वाटेवरील तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. नर्मदेकाठच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनी मंदिर याच राजवटीतले, दहाव्या शतकाच्या सुमाराचे. नाव चौसष्टचे असले तरी त्याच्या वर्तुळाकार प्राकारात ८१ कोनाडे आहेत. मधले गौरीशंकर मंदिर पूजेत असल्याने गाभाऱ्यात चित्रण करण्यापूर्वी विचारणे उचित. अनेक मूर्ती भग्न आहेत. तिरप्या उन्हात त्यांच्या कोरीव कामाची खोली उठून दिसते, म्हणून सकाळ किंवा सायंकाळ साधावी. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड वापरण्यासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी.

संगमरवरी घळीचे गणित वेगळे आहे. सुमारे ३० मीटर उंचीच्या कड्यांमध्ये सकाळ-सायंकाळ एक बाजू लखलखीत आणि दुसरी काळोखी राहते. सूर्य वर आला की ऊन पाण्यापर्यंत पोहोचते. तेव्हाच खडकातील पिवळसर, निळसर छटा स्पष्ट होतात. पांढरा खडक चौकट भरून आला तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, अशा वेळी एक्स्पोजर किंचित वाढवावे. नाव हलती असल्याने शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवावा. शरद पौर्णिमेच्या चांदण्यातील कडे प्रसिद्ध आहेत. मात्र नावेतून दीर्घ एक्स्पोजर शक्य नसते, त्यासाठी काठावरची स्थिर जागा शोधावी लागते.

धुवांधारजवळ तुषारांमुळे भिंगावर सतत पाणी बसते. सुती फडके जवळ असावे. खडक निसरडे असल्याने कठड्यापलीकडे मुळीच जाऊ नये. चांगल्या कोनाच्या मोहापायी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही, समोरासमोरचे दृश्य रोपवेने पलीकडे गेल्यासही मिळते. भेडाघाट–लम्हेटाघाट परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. लम्हेटाघाटाकडे गर्दी कमी असते आणि काठावरील खडकांचे थर निवांतपणे टिपता येतात.

शेवटची संध्याकाळ ग्वारीघाटावर घालवता येईल. येथे नर्मदेची आरती होते, परिक्रमावासीही भेटतात. त्यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी संमती घ्यावी आणि स्नान करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवू नये.