पाणी अडवणारा जोडा की पाणी सोडणारा?

ठाणे पूर्वेतील कोपरीच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ आहेत, तर दुसऱ्या अंगाला खाडी. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की अशा खाडीकाठच्या वस्तीत गटारांचे पाणी खाडीत उतरत नाही आणि सखल रस्त्यांवर साचून राहते. लोकल गाठण्यासाठी त्यातूनच स्थानकापर्यंत चालत जावे लागते. म्हणूनच 'वॉटरप्रूफ' अशी चिठ्ठी लावलेले महागडे बूट येथील ग्राहकांना भुरळ घालतात. प्रत्यक्षात या बुटांचा खरा उपयोग कोपरीच्या जुलैत नव्हे, तर हिमालयाच्या जानेवारीत होतो. जोडा निवडताना आधी ध्यानात घ्यावे ते हवामान आणि मग किंमत.

जलरोधक म्हणजे काय?

चालण्याच्या आधुनिक जलरोधक बुटांत कापड किंवा चामड्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला आणि त्यातून 'गोअर-टेक्स' जन्मास आले. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत शिरू शकत नाही. घामाची वाफ मात्र बाहेर पडू शकते. पण ही वाफ बाहेर पडण्यासाठी बुटाबाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असावी लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. त्यामुळे वाफ आतच कोंडते आणि पाऊस आत न शिरताही मोजे घामाने भिजतात.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. बुटाची उंची घोट्यापर्यंत आणि रस्त्यावरचे पाणी पोटरीपर्यंत असेल, तर पाणी वरूनच आत येते. जो पडदा पाणी बाहेर ठेवतो, तोच मग आत आलेले पाणी बाहेर जाऊ देत नाही. असा बूट वाळण्यास एक-दोन दिवस सहज लागतात.

पावसाळ्यासाठी काय घ्यावे?

रोजच्या सरींसाठी आणि डबक्यांसाठी पाणी न शोषणाऱ्या पदार्थाचे, पाणी लगेच निचरून जाईल असे सँडल किंवा बूट सोयीचे ठरतात. मात्र बोटे झाकलेली असावीत आणि टाचेला पट्टा असावा. उघडी, सैल चप्पल साचलेल्या पाण्यात पायातून निसटते आणि तोल जातो. कार्यालयात घालायचे बूट व कोरडे मोजे पिशवीत वेगळे नेणे, हा अनेक नोकरदारांचा जुना उपाय आजही उत्तम आहे.

तळ निरखून पाहावा. गुळगुळीत आणि कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या शहाबादी फरशीवर, पुलाच्या जिन्यावर किंवा शेवाळलेल्या पायवाटेवर घसरतो. त्यापेक्षा मऊ रबराचा, खोल आणि रुंद खाचा असलेला तळ घ्यावा. खाचा झिजल्या, की वरचा भाग धडधाकट असला तरी तो जोडा पावसात वापरू नये.

साचलेल्या, गढूळ पाण्यातून जाणे टळतच नसेल, तर गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा रबरी गमबूट बरा. या बुटाला इंग्रजीत ज्यांचे नाव मिळाले, ते वेलिंग्टनचे ड्यूक म्हणजे १८०३ मध्ये मराठवाड्यातील असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेले आर्थर वेलस्ली. त्यांचे बूट चामड्याचे होते. रबरी बूट आले ते १८५०च्या दशकात. गमबुटात घाम साचतो, त्यामुळे तो दिवसभर घालू नये. तसेच साधा गमबूट विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देतो, असे समजू नये.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

उंदीर, कुत्रे आणि गुरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात असू शकतात आणि पायावरील जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबई परिसरात या रोगाने अनेकांचे बळी घेतले. म्हणून पायाला जखम असल्यास अशा पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले, तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक औषधाविषयी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुढील काही दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास अंगावर काढू नये.

सतत ओल्या राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर जोडा चावल्याचे किंवा खडा टोचल्याचे कळतही नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत आणि पाण्यातून अनवाणी कधीही चालू नये.

हिवाळ्याचे गणित वेगळे

ठाण्याचा हिवाळा कोरडा असतो. येऊरच्या पायवाटांवर किंवा सह्याद्रीतील किल्ल्यांवर डिसेंबरात चालण्यासाठी जलरोधक पडद्याची गरज नाही. हवा खेळती ठेवणारा, चांगल्या पकडीचा हलका बूट पुरतो. मात्र उत्तराखंडातील केदारकंठासारख्या हिवाळी पदभ्रमणाला निघालेल्यांनी घोटा झाकणारा जलरोधक बूटच घ्यावा. तेथे बाहेर थंड, कोरडी हवा आणि आत ऊब असल्याने पडदा आपले काम चोख करतो. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे ना, हे पाहावे. अन्यथा वितळलेला बर्फ तेथूनच आत येतो.

माप घेण्यास संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. जे मोजे चालताना घालायचे, तेच घालून बूट पाहावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी आणि टाच उचलली जाऊ नये. सुती मोजे ओल धरून ठेवतात; लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. नवा बूट थेट प्रवासाला नेऊ नये. आधी दोन-तीन आठवडे तो घालून रोज फिरावे.

ओल्या बुटात रद्दी वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली वाळवावेत. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो आणि चामडे तडकते. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत न वापरताही हळूहळू कुजतो. दोन-तीन वर्षे माळ्यावर पडून असलेल्या बुटाचा तळ डोंगरात ऐनवेळी गळून पडतो, तो यामुळेच. निघण्यापूर्वी तो हाताने वाकवून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला, तर तो जोडा घरीच ठेवावा.