जुन्या ध्वनियंत्रांची निगा

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर जेथें आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेथें पूर्वीं 'प्रभात'चा स्टुडिओ होता. त्या कंपनीचा इतिहास सांगतांना आपण दिग्दर्शकांचीं, नटांचीं व गायकांचीं नांवें आदरानें घेतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रांनीं त्यांचे आवाज धरून ठेवले, त्यांचा विचार क्वचितच होतो. चित्रपट जतन करावा हें सर्वांस पटतें. ध्वनिलेखनाचें जुनें यंत्र मात्र मोडींत घालण्याची वस्तु वाटते. ही समजूत कितपत बरोबर आहे, हें तपासून पाहावें अशी आमची इच्छा आहे.

१९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या 'प्रभात'नें आरंभीं मूकपट काढले, १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, आणि १९३३ मध्यें ती कंपनी पुण्यास आली. ज्या विष्णुपंत दामल्यांनीं फत्तेलालांसह 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, त्यांनींच कंपनीच्या ध्वनिलेखनाची धुरा वाहिली होती. त्यांचा हात मूळचा चित्रकलेचा व नेपथ्याचा. तोच पुढें यंत्रावर बसला.

तें काम नाजूक होतें. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरनें वाढवावयाचा. ध्वनिलेखकानें कानानें ऐकून व कांट्याकडे पाहून आवाजाची पातळी गोल खुंट्यांनीं सांभाळावयाची. आणि शेवटीं त्या प्रवाहानें प्रकाशाची एक बारीक रेघ हालून तो आवाज ३५ मिलिमीटर फितीच्या कडेस उमटावयाचा. फीत मिनिटास ९० फूट या वेगानें धांवे. हा वेग किंचित् ढळला तरी गवयाचा सूर ढळे. पुसून पुन्हां लिहिण्याची सोय नव्हती. अशाच साधनांवर १९३७ च्या 'कुंकू'मध्यें पार्श्वसंगीताऐवजीं भोंवतालच्या स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवण्यांत आली. या धाडसाचें मोल यंत्र समजल्यावांचून कळत नाहीं.

असें यंत्र कशानें मरतें? पेटी व ट्रान्सफॉर्मर दीर्घकाळ टिकतात. परंतु कपॅसिटर वापरांत नसतांहि वाळतात किंवा निकामी होतात, रबरी वेष्टणाच्या तारा तडकतात, खुंट्यांच्या आंत मळ चढून आवाजांत खरखर येते, आणि व्हॉल्व्ह वापरानें क्षीण होतात. वर्षानुवर्षें बंद असलेलें यंत्र एकदम २३० व्होल्टांवर चालू केलें, तर एक बिघडलेला कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरासहि घेऊन बुडतो. म्हणून जाणता कारागीर आधीं संशयास्पद भाग बदलतो व मग वीजदाब थोडथोडा चढवितो. वीज बंद केल्यावरहि आंत शेंकडों व्होल्ट उरलेले असूं शकतात. हें काम हौशी हातांचें नव्हे.

येथें दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मूळ भाग बदलला कीं वस्तूचें ऐतिहासिक मूल्य गेलें. ती कांचेच्या कपाटांत ठेवावी. दुसरा म्हणतो, न चालणारें यंत्र म्हणजे नुसतें लोखंड. आमच्या मतें मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला येथें लागू पडतो. जवारी झिजली कीं कारागीर ती घासून पुन्हां लावतो. म्हणून कोणी तंबोरा खोटा ठरवीत नाहीं. झिजणारे भाग बदलावे, परंतु काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा, बदलाची नोंद ठेवावी, आणि मूळ विद्युत्‌रचना सुधारण्याचा मोह टाळावा.

कोणी विचारील, संगणक फितीवरची ध्वनिरेषा सहज वाचतो. मग या खटाटोपाची गरज काय? आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा आहे. त्या काळचीं चित्रगृहें फितीची सळसळ लपविण्यासाठीं उंच स्वरांचा अंश कमी करीत, व ध्वनिलेखक हें ओळखून काम करीत. ती रीत ज्यास ठाऊक नाहीं, त्याला जुना ध्वनि कर्कश वाटतो; तो खरखर पुसावयास जातो आणि तिच्याबरोबर गायकाचा श्वास व 'स'काराची धारहि पुसून टाकतो. यंत्राचा स्वभाव कोणता व काळानें आलेला दोष कोणता, हा भेद चालत्या यंत्रापाशीं बसूनच कळतो.

'प्रभात' १९५३ मध्यें बंद पडली. १९६० मध्यें त्याच जागीं फिल्म इन्स्टिट्यूट व १९६४ मध्यें पुण्यांतच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालें. जानेवारी २००३ मध्यें आग लागून 'प्रभात'च्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधींच सुरक्षित फितीवर उतरविल्या होत्या, ते चित्रपट वाचले. फितीची प्रत निघते. कारागिराच्या हातांतल्या विद्येची प्रत मात्र शिष्याच्या हातींच निघते. म्हणून जेथें ध्वनिलेखन शिकविलें जातें, तेथें व्हॉल्व्हचें एक तरी यंत्र चालतें असावें, आणि तें चालतें ठेवण्याचें काम विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग असावें. जाणत्यांची पिढी आहे तोंवरच हें साधेल.