गुलामांचा व्यापार थांबला, गुलामगिरी थांबली का?

ब्रिटनने १८०७ साली कायदा करून गुलामांचा व्यापार बंद केला. तेव्हापासून 'इंग्रजांनी गुलामगिरी संपवली' असे आपल्याला सांगितले जाते. हा अर्धाच इतिहास आहे. उरलेला अर्धा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, पामतेलाच्या पिंपांत सापडतो.

ब्रिटनमधल्या कारखान्यांना यंत्रांसाठी वंगण हवे होते, साबण आणि मेणबत्त्यांसाठी तेल हवे होते. १८१० च्या सुमारास तिथे वर्षाला हजारएक टन पामतेल येई. १८५० च्या दशकात हाच आकडा तीस हजार टनांच्या पुढे गेला. यातला मोठा वाटा लिव्हरपूल बंदरात उतरे. याच लिव्हरपूलची जहाजे पूर्वी माणसे वाहत होती. नव्या धंद्याला नाव मिळाले 'वैध व्यापार'.

पण वैध कोणासाठी? झाडावर चढून फळांचे घड तोडायचे, फळे उकडायची, कुटायची, तुडवायची, वर आलेले तेल काढायचे आणि डोक्यावरून किंवा होडीतून किनाऱ्यापर्यंत न्यायचे. बरेचसे तेल लहान शेतकरी कुटुंबांनी काढले, त्यात बायकांचे कष्ट मोठे. मात्र ज्या राजांना आणि व्यापाऱ्यांना जास्त माल हवा होता, त्यांनी गुलाम राबवले. समुद्रापार विकली गेली असती अशी कितीतरी माणसे आता तिथेच जुंपली गेली.

दाहोमेचा राजा घेझो याने १८५२ साली ब्रिटनशी करार केला. करारात गुलामांच्या निर्यातीवर बंदी होती, राज्यातल्या गुलामगिरीवर नव्हती. त्याच्या राज्यात पामच्या बागांत गुलामच राबत होते.

'गुलामगिरी तर आफ्रिकेत आधीपासूनच होती,' असे कोणी म्हणेल. होती. तिथल्या सत्ताधाऱ्यांची जबाबदारी आम्ही झाकणार नाही. पण युरोपच्या मागणीने गुलामाच्या श्रमाला नवी बाजारपेठ दिली, हेही झाकता येणार नाही.

आणि गुलाम गप्प नव्हते. जुन्या कालाबारमध्ये मालक मेला की त्याच्यासोबत गुलामांना मारत. १८५०-५१ च्या सुमारास शेतांवरच्या गुलामांनी रक्ताची शपथ घेऊन एकजूट बांधली आणि या हत्यांना विरोध केला.

जाजाची कथाही अनेकदा सांगितली जाते. लहानपणी बॉनीत गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस तेलाचा बडा व्यापारी झाला, १८६९ मध्ये ओपोबोचा राजा झाला. इंग्रज व्यापाऱ्यांना त्याने आतल्या बाजारांत थेट शिरू दिले नाही, तेव्हा १८८७ मध्ये ब्रिटिशांनी त्याला पकडून हद्दपार केले. त्याचे कर्तृत्व मोठेच. पण एक गुलाम राजा झाला म्हणून गुलामगिरी मोडली नाही. त्याचाही व्यापार गुलामांच्या श्रमावरच चालला.

म्हणून मित्रांनो, कायद्याची तारीख पाठ करून इतिहास संपत नाही. त्या तारखेनंतर राबणारे हात कोणाचे होते आणि ते काम नाकारायचा हक्क त्यांना होता का, हे विचारावे लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या लाखोंना तो हक्क नव्हता. लिव्हरपूलला उतरलेल्या पिंपांवर मात्र 'वैध' हाच शिक्का होता.