अद्भुत कथांतील नायिका

मुलींस कोणती अद्भुत कादंबरी वाचावयास द्यावी, असें पालक विचारतात, तेव्हां मला प्रथम आपल्याच वाङ्मयाचा इतिहास आठवतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली. ग्रंथास नांव नायिकेचें. परंतु तिचें धैर्य प्रायः सोसण्यांतच खर्चीं पडतें. हळब्यांस दोष कसला द्यावयाचा? त्या काळचा आदर्शच तसा होता.

पुढल्याच वर्षीं, ४ जुलै रोजीं, ऑक्सफर्डजवळ नौकाविहार करितांना चार्ल्स डॉजसन या गणिताच्या अध्यापकानें तीन लहान बहिणींस एक गोष्ट सांगितली. तीच १८६५ सालीं, ल्युइस कॅरल या टोपणनांवानें, ‘ॲलिस’ म्हणून प्रसिद्ध झाली. ही मुलगी सुटकेची वाट पाहत बसत नाहीं. भर न्यायसभेंत राणीशीं हुज्जत घालते.

अमेरिकेंतील फ्रँक बॉमची डोरोथी (१९००) मला तिच्याहूनहि प्रिय आहे. ती बुजगावण्यास खांबावरून उतरविते, गंजलेल्या लाकूडतोड्यास तेल घालते, आणि सिंहाच्या नाकावर चापट मारते! बॉमच्या सासूबाई मटिल्डा गेज या स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणाऱ्या नामांकित विदुषी होत्या. डोरोथींत त्यांचा अंश उतरला असावा, असें मला वाटतें. हें पुस्तक मी प्रथम देईन, आणि तें मुलीच्या भावासहि.