जॉनी रमोन : एकाच व्हॅनमधले दोन पक्ष

मार्च 2002. न्यूयॉर्कमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा समारंभ चालू होता. पंक रॉकवाल्या रमोन्स बँडला तिथे मान मिळाला. गिटारिस्ट जॉनी रमोन माईकपुढे आला आणि बोलता बोलता म्हणाला, देव राष्ट्राध्यक्ष बुश यांचं भलं करो. पंक म्हणजे सरकारला शिव्या, असं समजणाऱ्यांना हे पचणं अवघडच होतं.

जॉनीचं खरं नाव जॉन कमिंग्ज, जन्म 1948. वडील बांधकामावर, आणि हा स्वतः पाइप बसवायच्या कामावर. 1974 मध्ये त्याने साधारण 50 डॉलरला मोजराइट कंपनीची गिटार घेतली आणि त्याच वर्षी क्वीन्समधल्या मित्रांबरोबर बँड उभा केला. सगळ्यांनी आडनाव एकच लावलं, रमोन. नात्याने कुणी कुणाचं नव्हतं.

तेव्हा रॉकमध्ये लांबलचक गिटार सोलोंचं कौतुक होतं. जॉनीने सोलो जवळपास सोडूनच दिला. मोजके कॉर्ड, तुफान वेग, आणि फटका फक्त वरून खाली. बाकीचे वादक खाली-वर हात चालवतात, त्यात जरा दम खाता येतो. याचा हात तेवढाही थांबायचा नाही. ही सरळसरळ अंगमेहनत होती. 1976 च्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. खर्च सुमारे 6,400 डॉलर. त्याच जुलैत ते लंडनला वाजवून आले आणि तिथल्या पोरांनीही गिटारी उचलल्या.

नाव झालं, पण रेकॉर्ड खपेनात. मग पोट भरायचं कसं? गावोगाव कार्यक्रम करून. जॉनी बँडचा मुकादमच होता. कुठे वाजवलं, किती मिळाले, सगळं वहीत टिपलेलं. 1983 मध्ये मारहाणीत त्याची कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, तरी तो परत उभा राहिला.

गायक जोई रमोन ज्यू घरातला, विचाराने डावीकडचा. जॉनी पक्का रिपब्लिकन. 1985 मध्ये अध्यक्ष रेगन जर्मनीत बिटबर्गच्या दफनभूमीत गेले. तिथे नाझी एसएसचे सैनिकही पुरलेले आहेत. जोई भडकला आणि रेगनवर टीका करणारं गाणं आलं. रेगनभक्त जॉनीला त्याचं नाव खटकलं, म्हणून अल्बमवर ते बदललं. गाणं मात्र राहिलं.

खरी गाठ घरगुती होती. जोईची प्रेयसी त्याला सोडून जॉनीकडे गेली, पुढे दोघांनी लग्न केलं. त्यानंतर जोई आणि जॉनी वर्षानुवर्षं एका व्हॅनमधून फिरले, एका स्टेजवर उभे राहिले, पण बोलणं जवळपास बंद. ऑगस्ट 1996 मध्ये बँड थांबला तेव्हा कार्यक्रमांचा आकडा होता 2,263.

एप्रिल 2001 मध्ये जोई कॅन्सरने गेला. समेट झालाच नाही. सप्टेंबर 2004 मध्ये जॉनीही कॅन्सरनेच गेला. पहिल्या अल्बमला अमेरिकेत गोल्ड दर्जा मिळाला 2014 मध्ये, म्हणजे 38 वर्षांनी. तोवर मूळ चौघांपैकी तिघे गेलेले.

पक्ष वेगळे असूनही काम 22 वर्षं चाललं, हे मला मोठं वाटतं. आज एका पोस्टवरून माणसं कायमची तुटतात. पण ज्याच्या शेजारी उभं राहून इतकी वर्षं भाकरी कमावली, त्याला शेवटी एक फोनही होऊ नये, हे काही मनातून जात नाही.

तुमचंही कुणाशी असं बोलणं थांबलं असेल तर बघा, अजून वेळ आहे का ते.