शनवार तेल्यांचा घाणा

दिवाळीत घरोघरी ‘चकल्यांचा पहिला घाणा’ निघतो, इथे अमेरिकेतही निघतो. कढईत एका वेळी मावेल तेवढा तो घाणा. हा शब्द स्वयंपाकघरात आला तो तेल्याकडून. उखळात मावेल तेवढे बी घालायचे, पिळायचे, पेंड काढायची, मग पुढचे.

महाराष्ट्रात तेल्यांच्या पोटजातींची नावेही या यंत्राभोवती फिरतात. कोणी एकबैले, कोणी दोनबैले; कोणी सोमवार पाळणारे, कोणी शुक्रवार. यंत्राची रचना आणि त्याच्या सुट्टीचा वार यांवरून माणसे ओळखली गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

कुलाब्याकडचे, म्हणजे आजच्या रायगडातले, शनवार तेली मात्र ज्यू होते. बेने इस्राएल, मराठी बोलणारे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा घाणा बंद. त्यांच्या धर्माज्ञेत विश्रांती बैलालाही सांगितलेली आहे, त्यामुळे तोही मोकळा!

घाणा म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले उखळ, त्यात तिरकी उभी लाट, तिला जोडलेली आडवी फळी, फळीवर वजनाला दगड नाहीतर खुद्द तेली, आणि झापडे बांधलेला बैल. लाट फिरते तसे बी उखळाच्या कडेशी चिरडते. मधूनमधून थोडे पाणी शिंपडले की तेल सुटून एकत्र येते. चिरडणे आणि दाबणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत! ही कल्पना ज्या कोणाची असेल, तो इंजिनिअर पहिल्या प्रतीचा होता.

उणीव पेंडीत होती. घाण्याच्या पेंडीत साधारण 12 टक्के तेल उरते, एक्स्पेलरच्या पेंडीत सुमारे 7. शंभर किलो शेंगदाण्यांत 45 किलो तेल धरले, तर घाणा साडेसदतीस किलो देतो आणि एक्स्पेलर जवळजवळ 41. या साडेतीन किलोंपुढे खेड्यातला तेली टिकला नाही. पेंडीतले तेल त्याचा बैल खात होता, म्हणजे ते फुकट जात नव्हते. पण बाजाराच्या हिशेबात ते धरायचे कोणी? वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाने झवेरभाई पटेलांच्या प्रयोगांतून सुधारित घाणा तयार केला. प्रयत्न मोठा होता, पण उशिराचा.

एक्स्पेलर जन्मला इथे, ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये, 1900 साली. व्ही. डी. अँडरसन यांच्या या यंत्रात स्क्रू बियांना लोखंडी पिंजऱ्यातून पुढे रेटतो. एका टोकाने बी आत, दुसऱ्या टोकाने पेंड बाहेर, अखंड. ते थांबवले तर आतली पेंड घट्ट बसते आणि पुन्हा तापेपर्यंत तेल कमी निघते. घाणा बैल सोडला की थांबे. आठवड्यातून एक दिवस थांबणे ज्याला परवडते असे ते यंत्र होते, आणि शब्बाथ पाळणाऱ्यांच्या हाती ते इतकी शतके राहिले यात मला तरी नवल वाटत नाही.

शनवार तेल्यांना एक्स्पेलरने उठवले, असे मात्र म्हणता येणार नाही. अठराव्या शतकापासूनच ते मुंबईकडे, सुतारकामाकडे आणि कंपनीच्या पलटणींत जाऊ लागले होते. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली मांडवीत उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतलेच. 1948 नंतर समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले. घाण्यांची गावे आडनावांत सोबत गेली: पेणकर, दिवेकर, नवगावकर.